‘नोकरीसाठी तयार’, पण कुठल्या नोकरीसाठी?

शोधगंगेवर जा आणि ‘व्यवसाय शिक्षण’, ‘रोजगारक्षमता’ असे शब्द टाकून बघा. ‘अमुक जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील प्रशिक्षणार्थ्यांच्या रोजगारक्षमतेचा चिकित्सक अभ्यास’ या साच्यातली शीर्षकं भेटतील. कधी विद्याशाखा शिक्षणशास्त्राची, कधी वाणिज्याची, कधी व्यवस्थापनाची. जिल्हा बदलतो, साचा तोच. तुमच्यापैकी जे पेट पास होऊन आता आराखडा लिहायला बसलेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हा विषय खुणावतो, आणि त्यात नवल नाही. नमुना हाताशी आहे, गावातली आयटीआय. उद्योग जवळ आहेत, एमआयडीसी. आणि ‘सदर विषय धोरणात्मकदृष्ट्या महत्त्वाचा आहे’ हे वाक्य पहिल्याच पानावर निर्धास्त लिहिता येतं.

विषय खरोखरच महत्त्वाचा आहे. म्हणूनच तो ज्या पद्धतीने हाताळला जातो तिच्यावर मला बोलायचंय.

यातले बहुतेक अभ्यास असं धरून चालतात की तयारी ही मुलाच्या अंगात असते, ताप असतो तशी. थर्मामीटर म्हणजे प्रश्नावली. आकडा कमी आला की औषध ठरलेलं: सॉफ्ट स्किल्सचं प्रशिक्षण द्यावं, उद्योग-संस्था समन्वय वाढवावा, यंत्रसामग्री अद्ययावत करावी. निष्कर्षांच्या प्रकरणाआधीच शिफारशी तयार असतात. पण तयारी म्हणजे माणूस आणि काम यांच्यातलं नातं. त्यात त्या कामाचा पगार येतो, शेजारी उभा राहून शिकवणारा जुना कामगार येतो, रात्रपाळी येते, खोलीचं भाडं येतं. एवढं सगळं सोडून फक्त मुलाची परीक्षा घ्यायची, हे संसार बिघडला की फक्त सुनेची चौकशी करण्यासारखं आहे.

आधी तो प्रसिद्ध आकडा घेऊ, कारण तुमच्या प्रस्तावनेत तो येणारच. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या आर्थिक पाहणीत लिहिलंय की देशातले ५१.२५ टक्के तरुण नोकरीयोग्य आहेत. म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या दर दोघांतला एक तयार नाही. दशकभरात हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून इथपर्यंत आलं, असंही तिथेच म्हटलंय. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला, मंत्र्यांच्या भाषणात आला, आणि आता तो सिनॉप्सिसमध्ये ‘सरकारी आकडेवारी’ म्हणून येतो. मूळ कुठलं? ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’ नावाचा वार्षिक अहवाल. तो व्हीबॉक्स या चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेवर उभा आहे. भर कशावर, तर भाषा, आकडेमोड, तर्क यांवर. परीक्षेला बसलेले उमेदवार म्हणजे देशातले तरुण नव्हेत. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणासारखा घरोघरचा यादृच्छिक नमुना इथे नाही. दरवर्षी बसणारी मुलं वेगळी, तेव्हा ३४चे ५१ झाले ते मुलं सुधारली म्हणून की परीक्षेला बसणारी मंडळी बदलली म्हणून, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्याच अहवालात शाखावार तक्ता असतो, तो मात्र लक्ष देऊन वाचा. २०२४च्या तक्त्यात आयटीआयवाल्यांचा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास आहे आणि पॉलिटेक्निकवाल्यांचा त्याहून बराच खाली. आता चाकण किंवा वाळूजमध्ये कुणालाही विचारा, डिप्लोमावाला आणि आयटीआयवाला यांच्यात कंपनी कुणाला कुठल्या कामावर घेते. डिप्लोमावाला पर्यवेक्षणाकडे, क्वालिटीकडे जातो. आयटीआयवाला मशीनवर किंवा लाइनवर. पगारात फरक असतो. मग ‘नोकरीयोग्यता’ मोजणारं माप बाजाराच्या उलटं का बोलतंय? कारण ते नोकरीयोग्यता मोजतच नाही, एका परीक्षेतले गुण मोजतं. गुण मोजण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांना नोकरीचं नाव देण्यात. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर इथे संकल्पना-वैधतेचा प्रश्न आहे, आणि तो कुठल्याही क्रोनबॅक अल्फाने सुटत नाही. अल्फा सांगतो की तुमचे प्रश्न एकमेकांशी जुळतात. ते सगळे मिळून भलतंच काहीतरी मोजत असतील तरी अल्फा छान ०.८७ येतो!

आता आपल्याकडच्या प्रबंधांतल्या आवडत्या साधनाकडे येऊ: उद्योजकांचं सर्वेक्षण. कृती सगळ्यांना पाठ आहे. वीस-पंचवीस कौशल्यांची यादी करा. प्रत्येकापुढे दोन रकाने, ‘महत्त्व’ आणि ‘समाधान’, पाच बिंदूंची लिकर्ट श्रेणी. गूगल फॉर्म एचआरला पाठवा. महत्त्वातून समाधान वजा करा. जी वजाबाकी येईल तिला म्हणा ‘कौशल्य दरी’. मग टी-चाचणी, मग गृहीतक सिद्ध.

फॉर्म कोण भरतं ते आधी बघा. मध्यम आकाराच्या कारखान्यात एचआरच्या माणसाचा नवीन मुलाशी संबंध येतो तो दोनदा: रुजू होताना आणि सोडून जाताना. मुलाला मायक्रोमीटर वाचता येतो का, ड्रॉइंगवरची सहिष्णुता कळते का, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. त्याला माहीत असते हजेरी. म्हणून तुमच्या तक्त्यात ‘शिस्त’, ‘दृष्टिकोन’, ‘संवादकौशल्य’ यांची दरी सगळ्यात मोठी निघते. शॉपवरच्या फोरमनला तोच फॉर्म दिलात तर उत्तरं वेगळी येतील. त्याला दिसतं की पोरगा टूल बदलायला किती घाबरतो.

दुसरं म्हणजे, या सर्वेक्षणात उद्योजकाला तक्रार करायला एक पैसा लागत नाही. ‘आम्हाला कुशल मुलं मिळत नाहीत’ असं म्हणणं फुकट आहे. एखादी गोष्ट खरंच दुर्मीळ असेल तर तिची किंमत वाढायला हवी, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. तेव्हा प्रश्नावलीत एक साधा प्रश्न घाला: गेल्या तीन वर्षांत या जागेचा सुरुवातीचा पगार किती वाढवला? आणि राज्याची किमान वेतनाची अधिसूचना काढून त्या उद्योगातल्या कुशल आणि अकुशल दरांत किती रुपयांचा फरक आहे तो स्वतः बघा. दोन वर्षं शिकून आलेल्याला आणि न शिकलेल्याला कंपनी जवळपास तेच देत असेल, तर तिची तक्रार तुमच्या तक्त्यात वेगळ्या शीर्षकाखाली जायला हवी.

पीटर कॅपेली यांनी २०१२मध्ये अमेरिकेबद्दल लिहिलेल्या छोट्या पुस्तकात हाच मुद्दा मांडलाय. त्यांचं म्हणणं, मालक लोक माणूस असा शोधतात जसा वॉशिंग मशीनचा बिघडलेला भाग दुकानात शोधावा. नेमका तोच भाग हवा, आणला की बसला पाहिजे. तसा मिळाला नाही की म्हणायचं, टंचाई आहे. अमेरिकेचा कामगार बाजार आपल्यासारखा नाही, तिथलं सगळं उचलून इथे लावू नका. पण ‘तयार’ शब्दामागे कुणाची कुठली अपेक्षा दडली आहे, हा प्रश्न तिथून घेण्यासारखा आहे.

एक उदाहरण सविस्तर घेऊ: फिटर, शासकीय मराठीत जोडारी. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिले कित्येक आठवडे बेंचवर जातात. कानस धरायची कशी, हॅकसॉ, मार्किंग, ड्रिल, टॅप, मग व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. चौकोनी भाग एकमेकांत बसवण्याचे जॉब, जिथे शंभरावा हिस्सा मिलिमीटर मोजावा लागतो आणि शिल्पनिदेशक उजेडाकडे धरून फट बघतात. पुढे पाइप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, मशीनची देखभाल. हा मुलगा वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागतो. तिथे त्याचं काम काय? लाइनवर येणाऱ्या प्रत्येक भागाला ठरलेले चार बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळायचे, दर मिनिटाला एक भाग, आठ तास, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. ते काम दोन-तीन दिवसांत कुणीही शिकतं. तीन महिन्यांनी मुलगा सोडून गावी जातो. एचआर फॉर्मवर लिहितो: ‘आयटीआयच्या मुलांत चिकाटी नाही.’ तुमच्या प्रबंधात ते ‘चिकाटी: दरी १.४’ म्हणून छापलं जातं.

इथे कमी कोण पडलं? मुलगा कामापेक्षा जास्त शिकलेला होता. दरी आहे, पण ती उलट्या दिशेची आहे, आणि तुमच्या साधनात उलट्या दिशेला जागाच नव्हती. आता तोच मुलगा देखभाल विभागात लागला असता तर? मग कदाचित हायड्रॉलिक सर्किट वाचता न आल्याने खरोखर अडला असता. तिथे संस्थेतली कमतरता उघडी पडली असती. एकच मुलगा, एकच प्रमाणपत्र, दोन जागा, दोन निराळ्या तयाऱ्या. म्हणून ‘फिटर ट्रेडची रोजगारक्षमता ४३ टक्के’ असलं वाक्य लिहिताना हात थांबायला हवा.

मी आयटीआयची वकिली करत नाहीये, हे मध्येच सांगतो. निदेशकांची रिक्त पदं, एका लेथवर चार मुलं, कधीच सुरू न होणारं सीएनसी, सिद्धान्ताच्या पेपरसाठी पाठ केलेले पर्याय, हे सगळं आहे आणि त्यावर लिहायलाच हवं. पण ते संस्थेचं मोजमाप म्हणून लिहा. मुलाच्या ‘अक्षमते’च्या नावावर ते खपवू नका.

शिकवायचा खर्च कुणी करायचा, यावर जुनी आणि चांगली चर्चा आहे. गॅरी बेकरने १९६४च्या ‘ह्यूमन कॅपिटल’मध्ये मांडलं की कुठेही चालणाऱ्या सामान्य कौशल्यावर कंपनी खर्च करणार नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कंपनीत जाईल, स्वतःच्याच कामाच्या विशिष्ट कौशल्यावर मात्र करेल. अॅसेमोग्लू आणि पिश्के यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी जर्मनीतली उमेदवारी बघून विचारलं, मग तिथल्या कंपन्या सामान्य कौशल्यंही का शिकवतात? त्यांचं उत्तर श्रमबाजाराच्या रचनेत आहे. हे दोन्ही वाचल्याशिवाय ‘उद्योगांना तयार मुलं हवीत’ हे वाक्य लिहू नका. त्या वाक्याचा साधा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की आमच्या विशिष्ट कामाचं प्रशिक्षणही सरकारने किंवा मुलाच्या बापाने आपल्या खर्चाने करून द्यावं.

आपल्याकडे याची एक गंमत झाली. गंमत म्हणायची पद्धत म्हणून. एआयसीटीईने २०१३मध्ये ‘नीम’ ही योजना आणली. नावातच एम्प्लॉयेबिलिटी एनहान्समेंट होतं, रोजगारक्षमता वाढवणं. तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत मुलगा ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून कारखान्यात राहू शकत होता. कामगार नाही, म्हणून कामगाराचे हक्कही नाहीत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात उत्पादनाच्या लाइनवर अशी मुलं सर्रास दिसायची, आणि शिकवण्याच्या नावाखाली स्वस्त मजूर वापरले जातात ही कामगार संघटनांची तक्रार होती. पुढे परिषदेनेच ते नियम मागे घेतले. आता स्वतःला विचारा: तीन वर्षं लाइनवर उभं राहून उत्पादन काढणारा मुलगा ‘नोकरीसाठी तयार’ नव्हता? की तयार असूनही त्याला नोकरी हे नाव द्यायचं नव्हतं? महाराष्ट्र शासनाच्या २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविकाधारकाला महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. कुणाला या विषयावर काम करायचं असेल तर तिथेही हाच प्रश्न घेऊन जा. ती मुलं सहा महिने काय शिकली आणि कुठलं रिकामं पद त्यांनी सांभाळलं?

आता साच्यातून पूर्ण निसटणाऱ्यांकडे. आयटीआयच्या माजी विद्यार्थ्यांचा केंद्राने केलेला मागोवा अभ्यास २०१८मध्ये आला. त्यानुसार ६३.५ टक्के मुलं कामाला लागली होती, आणि त्यात स्वतःचा धंदा करणारे ६.७ टक्के. पहिल्या आकड्यावर सगळे बोलतात. मला दुसऱ्यात रस आहे. वीजतंत्री झालेला मुलगा तालुक्याच्या गावी विहिरीवरच्या मोटरी रिवाइंड करतो, पंप उतरवतो, लग्नाच्या मांडवाची वायरिंग करतो. दोन वर्षांनी हाताखाली एक पोरगा ठेवतो. उद्योजक सर्वेक्षणात तो नाही, कारण त्याला मालक नाही. कॅम्पस मुलाखतींच्या नोंदीत तो नाही, कारण त्याला ऑफर लेटर नाही. संस्थेच्या दप्तरात तो ‘अनप्लेस्ड’. गावात मात्र मोटर जळली की लोक त्यालाच फोन करतात.

आणि जे कुठल्याच संस्थेत गेले नाहीत ते? २०२२-२३च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्क्यांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलंय. अनौपचारिक मार्गाने शिकलेले १६.६ टक्के. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली, बापाच्या सुतारकामात, टेलरच्या दुकानात काजं-बटणं करत. म्हणजे काम शिकण्याचा आपल्याकडचा मोठा रस्ता तिकडून जातो, आणि तुमचा तुलना-गट तिथे बसलाय. आयटीआयवाल्याची तुलना कुणाशी करणार, हे ठरवल्याशिवाय ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकात घालू नका. मार्गदर्शकांनी आग्रह धरला तरी!

तुलना नीट केली तर काय दिसतं याचा एक चांगला नमुना म्हणजे मैत्र आणि मणी यांचा २०१७चा अभ्यास. दिल्लीच्या वस्त्यांमधल्या बायकांना शिवणकामाचं प्रशिक्षण सोडत काढून दिलं. दीड वर्षानंतरही प्रशिक्षण मिळालेल्या बायका जास्त प्रमाणात कामात होत्या, जास्त कमावत होत्या. पण अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: अभ्यासक्रम पूर्ण करण्यात आड काय आलं? केंद्राचं अंतर, पैशाची चणचण, मुलं सांभाळायला कुणी नसणं. यातलं एकही ‘कौशल्य’ नाही. मॅक्‌क्वेड आणि लिंड्से यांच्या २००५च्या लेखात रोजगारक्षमतेचे तीन घटक दिलेत: माणसाचे गुण, त्याची घरची परिस्थिती, आणि बाहेरचा बाजार. आपल्या प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात हा लेख असतो. तिसऱ्या प्रकरणातल्या प्रश्नावलीत तीनपैकी पहिलाच घटक उरतो. बाकीचे दोन वाटेत कुठे गळतात, देव जाणे.

काळाचा मुद्दा थोडक्यात. हानुशेक आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये अनेक देशांचा डेटा घेऊन दाखवलं की व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं, पण वय वाढतं, तंत्र बदलतं तसा तो फायदा आटतो, पुढे उलटतोही. तुम्ही पास झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मोजलंत तर एक उत्तर येईल, पंधराव्या वर्षी मोजलंत तर दुसरं. पहिल्या दिवशी शंभर टक्के ‘तयार’ करण्याच्या हट्टापायी गणित आणि ड्रॉइंग वाचन कापलं, तर त्याची किंमत मुलगा पस्तिशीत मोजेल. तेव्हा तुमचा प्रबंध कपाटात असेल.

मग करायचं काय? मला विचाराल तर ‘तयार आहे का’ हा प्रश्नच टाकून द्या. त्याऐवजी एक जागा घ्या, एक मशीन घ्या, आणि विचारा: नवीन मुलाला इथे एकट्याला सोडायला किती दिवस लागतात? त्या दिवसांत त्याच्या शेजारी कोण उभं असतं? त्या माणसाला शिकवण्याचे वेगळे पैसे मिळतात का, की त्याचं स्वतःचं उत्पादन बुडतं? पहिला स्क्रॅप निघाला तेव्हा काय झालं? हे दिवस मोजता येतात. दोन कारखान्यांत एकाच संस्थेतून आलेल्या मुलांना वेगवेगळे दिवस लागले, तर फरक मुलांत नाही हे कुठल्याही काय-वर्ग कसोटीशिवाय कळेल. नमुना लहान राहील. समिती विचारेल, ‘फक्त तीस?’ उत्तर तयार ठेवा: तीस जागा, प्रत्येक जागेवर तीन माणसं (मुलगा, त्याला शिकवणारा, फोरमन), आणि दोन भेटी.

दोन भेटींचं मात्र खरंच जपा, कारण दुसरीच्या वेळी निम्मी मुलं त्या कंपनीत नसतात, आणि जी गेली तीच तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन गेलेली असतात. पहिल्या भेटीत मुलाच्या मोबाइलबरोबर घरचा एक नंबर घ्या, आईचा असला तर उत्तम. मुलं सिम बदलतात, आया बदलत नाहीत. संमतीपत्रात तसं आधी लिहा. आणि मुलाखत एचआरने दिलेल्या कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. पाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर थांबा. चहा तुमच्याकडून.